तासिका तत्त्वात तत्त्व कोणते?

दर महिन्याच्या अखेरीस माझ्या टेबलावर देयके येतात. आमच्या मराठी विभागात मंजूर पदे तीन, कायम माणूस एक, म्हणजे मी. उरलेल्या दोन पदांवर चार जण तासिका तत्त्वावर शिकवतात. प्रत्येकाच्या देयकात तारीख, वर्ग, शिकवलेला घटक, वेळ 'पासून' आणि 'पर्यंत' असे रकाने असतात. ते हजेरीपुस्तकाशी आणि वेळापत्रकाशी ताडून पाहायचे आणि 'प्रमाणित करण्यात येते की' या वाक्याखाली सही करायची, हे विभागप्रमुखाचे काम.

गेल्या पावसाळी सत्रात अशाच एका देयकातल्या दोन ओळी मी खोडल्या. त्या दिवशी गावात मिरवणूक होती आणि अकरानंतर महाविद्यालयाला सुट्टी जाहीर झाली होती. पण द्वितीय वर्षाची नऊ मुले खेड्यांतून एसटीने आलेली, आणि परतीची गाडी दोन वाजता. बाईंनी त्यांना वर्गात बसवले आणि दोन तासिका घेतल्या. मुले होती, शिक्षिका होती, शिकवणे झाले. फक्त सुट्टी जाहीर झाल्यामुळे कागदावर तो तास उरला नव्हता. लेखापरीक्षणात शंका निघाली तर वसुली लागते, म्हणून मी दोन्ही ओळींवर रेघ मारली. बाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "असू दे मॅडम, मुलं तशीही बसून होती."

मी रेघ मारली ते नियमाला धरून होते. कायम होण्याआधी मी स्वतः नऊ वर्षे तासिका तत्त्वावर काढली आहेत, तेव्हा माझ्याही ओळी कुणीतरी अशाच खोडल्या होत्या आणि मीही 'असू दे' म्हटले होते. विद्यापीठात नव्याने शिकवायला येणाऱ्या माणसाला आपण कोणत्या अटींवर उभे करतो, आणि त्या अटींवर सह्या कोण करते, हे आता सरळ बोलायला हवे. ही सही करणाऱ्यांपैकी मी एक आहे. हे वाचणाऱ्यांतही बरेच जण असतील.

या पानांचे वाचक अनेक भाषांतले आहेत, म्हणून आधी शब्दच पाहू. मध्य प्रदेशात अशा शिक्षकाला 'अतिथि विद्वान' म्हणतात. कर्नाटकात तो 'अतिथी उपन्यासक' असतो. हिंदी वाचकाला तो पाहुणा कादंबरीकार वाटेल, पण कन्नडात उपन्यास म्हणजे व्याख्यान. तामिळनाडूत त्याला 'गौरव विरिवुरैयाळर' म्हणतात, म्हणजे मानद व्याख्याता. दिल्लीत 'ॲड हॉक' आणि 'गेस्ट' अशा दोन पायऱ्या. कुठे पाहुणचार आहे, कुठे गौरव आहे, कुठे विद्वत्ता आहे. सगळ्या भाषांनी मिळून गोड शब्द शोधले आणि त्यांच्याखाली एकच गोष्ट झाकली: या माणसाला नोकरी दिलेली नाही.

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगतात. विद्यापीठांनी हा शब्द उलटा करून घेतला. या पाहुण्याची जाण्याची तारीख आदेशातच छापलेली असते.

मराठीने त्या मानाने प्रामाणिक शब्द निवडला. 'तासिका तत्त्व'. माणूस नको, तास हवा, हे त्यात उघड आहे. पण पुढे 'तत्त्व' जोडून त्याला एकदम उपनिषदाच्या ओळीत नेऊन बसवले. आणि या तासाचे जे पैसे मिळतात त्यांना पगार म्हणायचे नाही, 'मानधन' म्हणायचे. पगार म्हटले की कपात, रजा, भविष्यनिर्वाह निधी, पगाराची तारीख हे सगळे प्रश्न मागून येतात. मानधन म्हटले की ते मिळेल तेव्हा घ्यावे आणि आभार मानावेत.

आता हिशोब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचे काम आठवड्याला ४० तासांचे, वर्षाला ३० आठवडे, म्हणजे १८० अध्यापन दिवस. या ४० तासांपैकी सहायक प्राध्यापकाने प्रत्यक्ष वर्गात १६ तास शिकवायचे. उरलेले २४ तास वाचन, तयारी, उत्तरपत्रिका, विद्यार्थ्यांशी बोलणे, संशोधन, प्रशासन यांसाठी. म्हणजे वर्गातल्या दोन तासांमागे वर्गाबाहेरचे तीन तास असतात, हे नियमानेच मान्य केले आहे. नव्या सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगाचे सुरुवातीचे मूळ वेतन महिना ५७,७०० रुपये. वर्षाचे ६,९२,४००. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे.

तेच पद रिकामे ठेवले की महाराष्ट्रात त्या जागी दोन ताशी माणसे घेता येतात, प्रत्येकाला आठवड्याला नऊ तास. पदवीच्या वर्गाला तासाला ९०० रुपये धरा. एकही तास बुडाला नाही, एकही सण मध्ये आला नाही, तर ३० आठवड्यांचे २,४३,००० रुपये होतात. बारा महिन्यांनी भागले तर २०,२५०. दोघांचे मिळून ४,८६,०००. म्हणजे शासनाला आठवड्याला १६ ऐवजी १८ तास मिळाले, माणसे दोन मिळाली, आणि खर्च एकाच्या मूळ वेतनापेक्षाही दोन लाखांनी कमी झाला. वर्गाबाहेरचे ते २४ तास तर हिशोबातून नाहीसेच झाले. कायम शिक्षकाच्या बाबतीत जे काम नियमात लिहिलेले आहे, तेच काम ताशी शिक्षकाने केले तर तो त्याचा छंद.

त्यातही 'तास' म्हणजे काय, हा प्रश्न आहे. आमच्याकडे तासिका ४८ मिनिटांची. देयकात मात्र तास घड्याळाचा, साठ मिनिटांचा. त्यामुळे एक तासिका घेतली की ९०० नव्हे, ७२० रुपये होतात. घंटा शिपाई वाजवतो, वेळापत्रक महाविद्यालय ठरवते, पुढचा शिक्षक दारात उभा असतो. तरी उरलेल्या बारा मिनिटांचे पैसे शिकवणाऱ्याच्या खिशातून जातात. भाषेच्या मास्तराला 'तास' आणि 'तासणे' हे शब्द शेजारी ठेवायचा मोह होतो. सुताराच्या हाताखालचे लाकूड जसे कमी होत जाते, तसा हा तास प्रत्येक टेबलावर थोडा थोडा कमी होत जातो.

आणि जे मिळायचे ते केव्हा? देयक विभागातून प्राचार्यांकडे, तिथून सहसंचालक कार्यालयाकडे, तिथून त्रुटी काढून परत. विद्यापीठाची मान्यता यायची असते. अनुदान यायचे असते. माझ्या नऊ वर्षांत मला दरमहा पैसे मिळाले असे एकही वर्ष नाही. जुलैपासूनचे तास दिवाळीनंतर, कधी थेट मार्चमध्ये. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचा काळ, उन्हाळा, यांचे काहीच नाही. दहावी नापास मुलगा मोबाइलच्या दुकानात लागला तर त्याला महिन्याच्या दहा तारखेला पगार मिळतो. पीएच.डी. आणि सेट झालेल्या माणसाला मार्च महिना दाखवतात.

दर वर्षी जूनमध्ये मुलाखत असते, हा तर स्वतंत्र विधी आहे. तोच उमेदवार, तीच जागा, तेच विषयतज्ज्ञ. आठ वर्षे आमच्याकडे शिकवलेल्या माणसाला मी स्वतः समोर बसून विचारले आहे, "आपला परिचय करून द्या." त्यानेही करून दिला. आम्ही दोघांनीही हसू आवरले. पण त्याच्या घरी त्या दिवशी कुणी हसत नव्हते, कारण त्या मुलाखतीत संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या ओळखीचा एक नवा मुलगाही आला होता.

नेमणुकीचा आदेश यायच्या आधीच प्रवेशाचे काम सुरू होते. प्रवेश-अर्ज तपासायला ताशी शिक्षक, मुले कमी पडली की खेड्यांत फिरून ती गोळा करायला ताशी शिक्षक. नॅकची समिती यायची असली की तीन-तीन महिने फायली तेच तयार करतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रात्री मुलांबरोबर तेच झोपतात. अंतर्गत गुण संगणकावर तेच भरतात. यातल्या कशालाही 'पासून–पर्यंत'चा रकाना नाही. नाही म्हणायची सोय आहे का? कागदावर आहे. पण जून दर वर्षी येतो.

बाईमाणसाच्या बाबतीत तर जूनला वेगळी धार असते. माझ्या पाचव्या वर्षी मुलाखतीला गेले तेव्हा मला सातवा महिना होता. समिती फार प्रेमाने वागली. पाणी दिले, बसायला आधाराची खुर्ची दिली, आणि एक ज्येष्ठ सर म्हणाले, "या वर्षी जरा आराम करा." त्या वर्षी माझे नाव यादीत नव्हते. प्रसूती रजा नाकारली असेही म्हणता येईना, कारण ज्याची नेमणूकच नाही त्याला रजा कसली? कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ संपत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सांगितले. आमच्याकडे मात्र तास नाही तर पैसा नाही. बाळंतपणाची तासिका कोणत्या रकान्यात भरणार?

या व्यवस्थेची खरी चलाखी नियमांच्या जोडकामात आहे. २०१८ च्या विनियमांत एक कलम असे की कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त नसाव्यात आणि अशा शिक्षकाला नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी देऊ नये. चांगले कलम. पण आम्ही 'कंत्राटी' नाही, 'ताशी' आहोत, असा अर्थ लावला की मर्यादाही गेली आणि वेतनही गेले. आमच्या विभागात तीनपैकी दोन पदे ताशी आहेत, म्हणजे सहासष्ट टक्के. तरी कुठलाही नियम मोडलेला नाही.

दुसरे कलम आधीच्या सेवेबद्दल आहे. तात्पुरत्या किंवा कंत्राटी सेवेचा अनुभव पुढे नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी धरता येतो, पण त्याच्या अटींत एक अट अशी की त्या काळात त्या व्यक्तीला नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनापेक्षा कमी मिळत नसावे. हे दोन्ही एकत्र वाचा. आधी तुम्ही मला कमी पैसे दिलेत. आणि आता तुम्ही मला कमी पैसे दिलेत म्हणून माझी नऊ वर्षे मोजायची नाहीत. चोरीला गेलेल्या वस्तूची पावती चोरानेच मागावी, तसा हा प्रकार आहे.

आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी एका व्याख्यानाला १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० रुपये अशी सूचना काढली होती. ती राज्याच्या सीमेवर येऊन थांबली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा काढला, तेव्हा त्यात कंत्राटी नेमणुकांवरची दहा टक्क्यांची मर्यादाच नव्हती. जी मर्यादा कुणी पाळत नव्हते ती काढून टाकली तर बिघडले काय, असे कुणी म्हणेल. बिघडले हे, की आधी निदान लाज तरी लिहून ठेवलेली होती.

न्यायालयांनी काहीच केले नाही असे नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या प्रकरणात म्हटले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचे प्रकरण आले. त्यांना महिना ३०,००० रुपये मिळत होते आणि त्याच कामाचे नियमित शिक्षकाला लाखाच्या वर. समारंभात गुरूला ब्रह्मदेव म्हणायचे आणि वागवायचे असे, यावर न्यायालयाने कडक शब्दांत बोट ठेवले. पण प्रत्येक ताशी शिक्षकाने दिल्लीपर्यंत जायचे काय? वकिलाचीही फी तासावर असते, आणि त्याचा तास साठ मिनिटांचा असतो.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला: शासनाकडे पैसा नाही. ४ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने करोनाचे कारण सांगून नव्या पदभरतीवर बंदी घातली, तेव्हा हे कारण खरे होते असे मानू. पण प्राध्यापकांची पदे त्याआधीही वर्षानुवर्षे अडवलेली होती आणि नंतरही थेंबाथेंबाने सुटली. पैसा नसतो तेव्हा विषय बंद करतात, वर्ग कमी करतात. इथे वर्ग चालू आहेत, पदव्या दिल्या जात आहेत, दीक्षान्त समारंभांना मंडप पडतात. पैसा फक्त शिकवणाऱ्यापाशी येऊन संपतो. आणि ही बचत होत असतानाच खासगी संस्थांत कायम जागेचा 'भाव' चालतो, हे कुणाला ठाऊक नाही? पगार शासन देणार, नेमणूक संस्था करणार, आणि मधल्या फटीत देणगी. आकडा मी लिहीत नाही; तो लग्नाच्या पंगतीत उघड बोलला जातो. नऊ वर्षे ताशी राबलेल्या माणसाकडे ती रक्कम कुठून असणार? म्हणून ज्याने शिकवले तो बाहेर राहतो आणि ज्याची जमीन विकण्याजोगी होती तो आत येतो.

दुसरा आक्षेप: कायम झाले की लोक शिकवत नाहीत, ताशी शिक्षक बरे, घाबरून तरी शिकवतात. कायम लोकांत कामचुकार आहेत. मी त्यांच्या शेजारी बसते, मला माहीत आहे. त्यांना शासन करायचे तर नियम आहेत, ते वापरा. पण भीतीने चांगले शिकवता येते, हे ज्याने कधी वर्गात पाऊल ठेवले नाही तोच म्हणू शकेल. जूनमध्ये आपण असू की नाही हे माहीत नसलेला शिक्षक संस्थाचालकाच्या पुतण्याला नापास करत नाही. तो वर्गात वाद होईल अशी कविता शिकवत नाही. कवितेतल्या जातीवर, देवावर, सत्तेवर मुलाने प्रश्न विचारला तर 'परीक्षेला हे येत नाही' असे सांगून पुढे जातो. मीही गेले आहे. त्या दिवसांची मला पैशापेक्षा जास्त चीड येते.

तिसरा आक्षेप: कुणी जबरदस्ती केली? सोडून द्यावे. बरेच जण सोडतात. कुणी खासगी क्लास घेतो, कुणी विमा विकतो, कुणी शेतीत परत जातो. पण ज्याच्या घरात पहिल्यांदा कुणी एम. ए. झाले, पहिल्यांदा सेट झाले, त्याला 'प्राध्यापक' या शब्दाचे वजन वेगळे असते. गावात त्याला सर म्हणतात. आई शेजाऱ्यांना सांगते, मुलगा कॉलेजात आहे. मुलगी बघायला गेले की विचारतात, "कायम का?" त्या एका प्रश्नावर किती जणांची चाळिशी उलटली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. त्या माणसाची शब्दावरची ही श्रद्धाच व्यवस्था वापरून घेते. याला स्वेच्छा म्हणायचे असेल तर म्हणा.

चौथा आक्षेप कायदेशीर आहे. मागच्या दाराने आलेल्यांना कायम करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उमादेवी प्रकरणात सांगितले, आणि प्रशासनात तो निकाल पाठ असतो. पण ताशी शिक्षक जाहिरात वाचून येतो, पात्रता तीच असते, मुलाखत समिती घेते, विद्यापीठाची मान्यता लागते. हे मागचे दार कसे? पुढचे दार शासनाने कुलूप लावून ठेवले आणि खिडकीतून आत घेतले. आता खिडकीतून आलास म्हणून त्यालाच बोल लावायचा. तरीही मी असे म्हणत नाही की आहेत त्या सगळ्यांना एका आदेशाने कायम करा. पदे जाहीर करा, स्वच्छ निवड करा, आणि शिकवलेली वर्षे त्यात मोजा. स्पर्धेला आमचे लोक घाबरत नाहीत. नऊ-नऊ मुलाखती दिलेल्यांना दहावीची काय भीती?

शासनावर टीका करणे सोपे आहे. आता आपल्या घरात येऊ.

२०१३ साली महाराष्ट्रातल्या प्राध्यापक संघटनांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता. मागण्या न्याय्य होत्या. थकबाकीचा प्रश्न होता, नेट-सेट नसलेल्या जुन्या शिक्षकांच्या सेवेचा प्रश्न होता. पण कायम शिक्षकांनी फक्त ताशी शिक्षकांसाठी, आपले काही पणाला लावून, आठवडाभर काम थांबवल्याचे मला तरी आठवत नाही. निवेदनात शेवटच्या मुद्द्यात त्यांचे नाव असते. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची कोपऱ्यात असते. अभ्यास मंडळावर कोण जाणार, परीक्षक कोण होणार, चर्चासत्रात बीजभाषण कोण करणार, हे सगळे आपण ठरवतो. सतरंज्या, पाहुण्यांची ने-आण आणि अहवाललेखन त्यांच्याकडे.

साहित्यिक वर्तुळाचीही सुटका नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा महाविद्यालयांमधून पेढे वाटले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत साहित्य संमेलन भरले. मराठीच्या थोरवीवर पुष्कळ बोलले गेले. पण ती थोरवी तालुक्याच्या गावी, दुपारी बाराच्या उन्हात, नऊ मुलांना शिकवणारा माणूस ७२० रुपयांत शिकवतो, हे कुठल्या ठरावात आले? अभिजात भाषा ताशी दराने शिकवली जाते, आणि त्या भाषेचे लेखक, समीक्षक, संपादक, जे बहुतेक स्वतः निवृत्तिवेतन घेणारे प्राध्यापक असतात, त्यांना यात विसंगती दिसत नाही.

उलट आपले बरेचसे साहित्यव्यवहार याच माणसांच्या खिशातून चालतात. गुणांकनासाठी त्यांना शोधनिबंध लागतात, म्हणून ते पैसे भरून शोधनिबंध छापतात. चर्चासत्राची नोंदणी फी ते भरतात. गौरवग्रंथाला लेख ते देतात आणि वर ग्रंथाच्या दोन प्रती विकत घेतात. ज्येष्ठांच्या कादंबरीवर परीक्षण ते लिहितात, अनुवाद ते करतात, मुद्रिते ते तपासतात. याचे आपण काय देतो? प्रमाणपत्र. तेही कधी कधी नाव चुकवून.

तेव्हा मागण्या दोन्हीकडे आहेत. शासनाकडे: रिक्त पदे विद्यापीठनिहाय आणि विषयनिहाय जाहीर करा. तासिका महाविद्यालयाच्या घंटेने मोजा, घड्याळाने नको. मानधन दरमहा द्या. वर्गाबाहेरच्या कामाचा मोबदला द्या, कारण ते काम आहे हे तुमचेच विनियम म्हणतात. नेमणूक वर्षभराची करा, प्रसूतीच्या काळासह. आणि कमी पैशात केलेली सेवा कमी पैशात केली म्हणून नाकारू नका.

आणि आपल्याकडे, म्हणजे सही करणाऱ्यांकडे: निवड समितीवर बसलात आणि निवड आधीच ठरलेली दिसली तर वेगळे मत लेखी नोंदवा, एका कागदाने नोकरी जात नाही, तुमची तर नाहीच. ताशी सहकाऱ्याला देयकाबाहेरचे काम सांगताना ते आपण फुकट मागतो आहोत, हे निदान तोंडाने म्हणा. त्याने शिकवलेल्या वर्षांचा अनुभवाचा दाखला हातात द्या. त्यासाठी त्याला चकरा मारायला लावू नका. चर्चासत्र घेता तर ताशी शिक्षकाची फी माफ करा. नियतकालिक चालवता तर त्याच्या लेखाचे पैसे द्या, आणि ते मानधन म्हणून नको.

मी माझ्यापुरते एक ठरवले आहे. त्या दोन ओळी खोडल्या त्या परत लिहिता येणार नाहीत. ते देयक केव्हाच पुढे गेले, आणि त्याचे पैसे हे लिहीपर्यंत आलेले नाहीत. पण पुन्हा कधी मिरवणूक निघेल, पुन्हा मुले एसटीची वाट पाहत बसतील आणि कुणीतरी त्यांना शिकवील. तेव्हा मी ती ओळ तशीच ठेवीन आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहीन: सुट्टी होती, नऊ विद्यार्थी हजर होते, तास झाला. लेखापरीक्षकाला शंका काढायची असेल तर त्याने ती माझ्या नावाने काढावी. वसुली माझ्या पगारातून करावी. माझा पगार दर महिन्याला होतो.